सप्ताहाची पत्रिका आणि विंडोज ९८

मागील वर्षी फाल्गुनात एका सकाळी गंगाखेडहून फोन आला. "अरे, कॉम्प्युटरमधून टकटक आवाज यायलाय आणि स्क्रीन काळीच आहे. बघतोस का येऊन?" फोन करणारे गृहस्थ तेथील एका छोट्या छापखान्याचे मालक. ते माझ्या आईच्या गावचे, म्हणून मी त्यांना मामा म्हणतो. त्यांचा संगणक पेंटियम थ्री प्रोसेसरचा, २५६ एमबी रॅमचा आणि विंडोज ९८ सेकंड एडिशनवर चालणारा आहे. पाडवा तोंडावर आला होता. त्यापाठोपाठ रामनवमी आणि हनुमान जयंतीचे अखंड हरिनाम सप्ताह, आणि पुढे अक्षय तृतीयेपासून लग्नसराई. या सगळ्यांच्या पत्रिका त्याच संगणकात पेजमेकर ६.५ या पाने मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या. सप्ताहाच्या पत्रिकेचे काम म्हणजे गतवर्षीची फाइल उघडून कीर्तनकारांची नावे आणि तारखा बदलणे एवढेच असते. परंतु ती फाइलच उघडली नाही, तर पंगतीच्या अन्नदात्यांपासून विणेकऱ्यांपर्यंतची शंभर-दीडशे नावे पुन्हा जुळवावी लागतात.

परभणीत मी २००३ पासून संगणक दुरुस्तीचे काम करतो. टकटक आवाज म्हणजे हार्ड डिस्कचे हेड जागा शोधत आहे आणि त्याला ती सापडत नाही, हे फोनवरच लक्षात आले. "मामा, आता बटण दाबू नका, मी येईपर्यंत प्लगही काढून ठेवा," एवढेच सांगितले आणि दुपारची एसटी धरली. अशा अवस्थेतील डिस्क जितक्या वेळा सुरू करावी तितकी ती अधिक बिघडत जाते. आपल्याकडे मात्र आधी चार वेळा बंद-चालू करून पाहण्याची सवय आहे, आणि ज्या फाइली वाचू शकल्या असत्या त्या याच सवयीपायी गेलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत.

ती डिस्क २० जीबीची, आयडीई या जुन्या जोडणीच्या पद्धतीची. ती काढून यूएसबी अडॅप्टरने माझ्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि अशा कामासाठी मी डीडी-रेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरतो. तो आधी डिस्कचा सुस्थितीतील भाग भराभर वाचून घेतो, अडचणीच्या जागा वहीत टिपून ठेवल्यासारख्या नोंदवतो आणि सर्वांत शेवटी त्या जागांकडे पुन्हा वळतो. साध्या कॉपी-पेस्टमध्ये पहिल्याच खराब जागेवर संगणक अडून बसतो आणि तेवढ्यात डिस्कचा उरलासुरला जीव जातो. रात्रभर यंत्र चालू ठेवले. मामांनी लॅपटॉपला इन्व्हर्टरची जोडणी दिली आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले. पहाटेपर्यंत पत्रिकांच्या फाइली जवळजवळ सर्व हाती आल्या, चार-पाच गेल्या. विंडोजच्या स्वतःच्या काही फाइली मात्र खराब भागात सापडल्या होत्या, त्यामुळे ती प्रत जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून चालणार नव्हते. विंडोज ९८ नव्याने टाकणे भाग होते.

नवा संगणक का घेतला नाही, असे कोणीही विचारील. मामांच्या मुलानेही विचारले. मामांच्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरला एक कुलूप आहे. आमच्या धंद्यात त्याला डोंगल किंवा लॉक म्हणतात. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर ती डबी खोचलेली असेल तरच अक्षरे टाइप होतात. ते कुलूप तपासणारा ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या वस्तूची विंडोजला ओळख करून देणारा प्रोग्रॅम, विंडोज ९८ साठी लिहिलेला आहे आणि आजच्या बहुतेक संगणकांना पॅरलल पोर्टच नसतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा करून, मी विंडोज ९८ चालवून पाहिले आहे. ते चालते, जरी वेगळा ड्रायव्हर दिल्याशिवाय पडद्यावर सोळाच रंग दिसतात. पण कुलूप त्याला दिसत नाही आणि कुलूप दिसले नाही तर मामांच्या दृष्टीने काहीच दिसले नाही. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय निघाला की लोक आठवणींत रमतात. माझ्याकडे येणारी जुनी यंत्रे आठवणींसाठी येत नाहीत. त्यांच्यात कोणाचे तरी चालू काम अडकलेले असते, आणि ते काम मोकळे होईपर्यंत जुनी सिस्टिम जिवंत ठेवणे मी माझे कर्तव्य मानतो.

विंडोज ९८ टाकण्याची रीत आता फार थोड्यांच्या हातात उरली आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो. फिरती डिस्क पुन्हा घ्यायची नव्हती, म्हणून आयडीई अडॅप्टरवर ३२ जीबीचे कॉम्पॅक्टफ्लॅश, म्हणजे कॅमेऱ्यात असते तसले मेमरी कार्ड, बसवले. त्यात फिरणारा भाग नाही, आवाज नाही, आणि विंडोज ९८ त्याला डिस्कच समजते. आकार मुद्दाम लहान निवडला, कारण विंडोज ९८ चा मूळ आयडीई ड्रायव्हर १३७ जीबीच्या पुढील डिस्क नीट हाताळत नाही आणि डिस्कचे विभाग पाडणारा त्याचा जुना प्रोग्रॅम एफडिस्क ६४ जीबीच्या पुढील डिस्कचा आकारही चुकीचा सांगतो. बूट फ्लॉपी, म्हणजे संगणक सुरू करून देणारी फ्लॉपी, लागते. माझ्या डब्यात दहा होत्या, त्यांपैकी दोनच वाचल्या गेल्या. फ्लॉपीवरून संगणक सुरू करून सीडी-रॉमसहितचा पर्याय घ्यायचा. मग एफडिस्क चालवायचे. मोठ्या डिस्कची सोय हवी का, या पहिल्या प्रश्नाला होय म्हणायचे. नाही म्हटले तर फाइली मांडण्याची जुनी फॅट १६ पद्धत लागू होते आणि २ जीबीच्या पुढे एक विभाग करता येत नाही. प्रायमरी विभाग करून तो ॲक्टिव्ह करायचा, संगणक पुन्हा सुरू करायचा, सी ड्राइव्ह फॉरमॅट करायचा.

येथे नवशिका हमखास अडतो. सीडी डी ड्राइव्हवर असेल असे त्याला वाटते, पण तेथे सीडी सापडत नाही. बूट फ्लॉपी स्वतःच्या अवजारांसाठी रॅममध्येच एक छोटा ड्राइव्ह तयार करते आणि डी हे अक्षर तो घेतो. सीडी एक घर पुढे, ई वर सरकते. सुरुवातीच्या दिवसांत याच कारणासाठी मी एका ग्राहकाचा चांगला सीडी ड्राइव्ह बदलला होता, आणि नंतर कारण कळल्यावर त्याचे पैसे नेऊन दिले. दुसरी गोष्ट म्हणजे सीडीवरील विन९८ हे फोल्डर आधी सी ड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि सेटअप तेथून चालवावा. मध्येच संगणक पुन्हा सुरू झाला की विंडोज सीडी मागते, आणि नेमका त्या क्षणी सीडीचा ड्रायव्हर बसलेला नसतो. फोल्डर डिस्कवरच असले की ही अडचण येत नाही, आणि पुढे कधी नवा प्रिंटर जोडला तरी सीडी शोधावी लागत नाही. रॅम वाढवण्याचा मोहही टाळावा, कारण ५१२ एमबीच्या पुढे विंडोज ९८ ची कॅशची, म्हणजे डिस्कवरचे रॅममध्ये तात्पुरते ठेवण्याची, व्यवस्था गडबडते आणि सिस्टिम.आयएनआय या फाइलमध्ये मर्यादा लिहून द्यावी लागते. मामांची २५६ एमबी पुरेशी आहे. या सिस्टिमची मूळ गरज १६ एमबी रॅमची होती. विंडोज ११ किमान ४ जीबी मागते, म्हणजे २५६ पट.

दुपारी तीनच्या सुमारास पेजमेकर बसले, कुलूप ओळखले गेले आणि मागील वर्षीची पत्रिका उघडली. मामांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत सगळी नावे वाचली आणि मगच चहा सांगितला.

हे सारे कशामुळे घडते, हे समजण्यासाठी मराठी अक्षरे संगणकात कशी शिरली ते पाहावे लागते. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर दाखवणारे जिस्ट तंत्रज्ञान आणले, १९९१ मध्ये अक्षरांना क्रमांक देणारी इस्की ही भारतीय मानक संकेतप्रणाली ठरली आणि त्याच वर्षी युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती देवनागरीसह आली. परंतु विंडोज ९५ आणि ९८ यांच्या पोटात युनिकोड देवनागरी नीट जुळवून दाखवण्याची सोय नव्हती. म्हणून छपाईच्या धंद्याने वेगळी वाट काढली: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट. पडद्यावर मराठी दिसते, फाइलमध्ये मात्र इंग्रजी चिन्हांची रांग असते, आणि प्रत्येक कंपनीची रांग वेगळी. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल नेली की नुसती अगम्य चिन्हे दिसतात. मराठवाड्यातील कितीतरी छापखाने, साप्ताहिके, ग्रामपंचायती आणि पतसंस्था यांचे त्या काळातील लिखाण याच अवस्थेत पडून आहे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

विंडोज २००० पासून चित्र बदलले आणि २००१ च्या विंडोज एक्सपीने ते घराघरांत पोहोचवले, तरी एक्सपीमध्येही मराठी आपोआप येत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जटिल लिप्यांसाठी एक चौकोन होता. त्यात खूण करायची, मागितल्यावर एक्सपीची सीडी घालायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. खूण करण्यापूर्वी 'क्ष' हे अक्षर क, पाय मोडल्याची खूण आणि ष असे तीन तुकड्यांत दिसे, आणि 'विठ्ठल' मधील पहिली वेलांटी व च्या उजवीकडे लोंबत असे. २००४ मध्ये मी पहिल्यांदा ती खूण केली आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तेच अक्षर जुळून एक झालेले पाहिले. मी बराच वेळ जोडाक्षरेच टाइप करीत बसलो होतो. मंगल या फाँटमधील ल आणि श हिंदी वळणाचे असल्यामुळे डोळ्यांना खटकत, पण कोणतेही कुलूप न लावता मराठी लिहिता येत होते.

एक्सपीच्या त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन कडक होते. सेटअपच्या निळ्या पडद्यावर उरलेली मिनिटे दिसत आणि ती संपण्याआधी वीज जाणार की नंतर, याचा हिशेब आम्ही वेळापत्रक पाहून करीत असू. पुढे साटा या नव्या जोडणीच्या डिस्क असलेले संगणक आले तेव्हा एक्सपी टाकताना निळा पडदा आणि त्यावर शेवटी '७बी' असलेला क्रमांक येऊ लागला. एक्सपीच्या सीडीत नव्या एएचसीआय कंट्रोलरचा, म्हणजे या डिस्क हाताळणाऱ्या भागाचा, ड्रायव्हर नसतो, त्यामुळे ज्या डिस्कवरून तिला उठायचे तीच तिला दिसत नाही. सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा किंवा बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्कची पद्धत आयडीई करावी, हे दोन सोपे मार्ग होते आणि मी बहुधा दुसराच वापरला. एकाच संगणकावर दोन विंडोज हव्या असतील तर जुनी आधी आणि नवी नंतर टाकावी, हेही त्याच काळात शिकलो, कारण जुन्या विंडोजला नव्या विंडोजची सुरुवात करून देण्याची रीत माहीत नसते आणि ती स्वतःचीच व्यवस्था वर लिहून मोकळी होते.

एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. या तारखांना संगणक बंद पडत नाही. सुरक्षेची डागडुजी येणे थांबते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने पाठिंबा संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली होती, पण तसे पुन्हा होईल या भरवशावर कोणी राहू नये. माझा नियम असा आहे की पाठिंबा संपलेले यंत्र कामापुरते चालवावे आणि त्याला इंटरनेटची तार लावू नये. मामांच्या संगणकाला नेटवर्क कार्डच ठेवलेले नाही. पेजमेकरमध्ये पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेचा प्रिंटर निवडून छपाई कागदाऐवजी फाइलवर केली की फाँटसह सगळे पान त्या फाइलमध्ये उतरते. शेजारच्या लिनक्स लॅपटॉपवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने त्याची पीडीएफ होते आणि ती परभणीच्या ऑफसेटवाल्याला व्हॉट्सॲपवर जाते. विंडोज ९८ वेगळ्या ड्रायव्हरशिवाय पेनड्राइव्ह ओळखत नाही, तेव्हा संगणक बंद करून कार्डच काढायचे आणि रीडरमध्ये घालायचे. त्या निमित्ताने दर शनिवारी संपूर्ण कार्डाची प्रतही निघते.

मोंढ्यातील एका आडत दुकानाचे हिशेब विंडोजपूर्वीच्या डॉसच्या काळातील फॉक्सप्रो या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅममध्ये आहेत. ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत, म्हणून तेथे ३२ बिट विंडोज ठेवली आहे आणि तीही इंटरनेटशिवाय. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ते काम मुकाट्याने चालले आहे.

नव्या सिस्टिमविषयी मात्र लोकांच्या मनात बराच गोंधळ आहे. विंडोज ११ चालणार नाही, असा संदेश आला की संगणक भंगारात गेला असे समजून लोक येतात. पुष्कळदा टीपीएम २.० ही सुरक्षेची सुविधा प्रोसेसरमध्येच असते आणि बायोसमध्ये बंद केलेली असते. ती सुरू करावी, डिस्कच्या विभागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आधी प्रत घेऊन एमबीआर२जीपीटी या विंडोजमधीलच साधनाने ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी आणि बायोसमध्ये यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत निवडावी. प्रोसेसर यादीत बसत असेल, म्हणजे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असेल, तर एवढ्याने मार्ग मोकळा होतो. यादीत न बसणाऱ्या यंत्रावर तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येते, आणि तशी मागणी माझ्याकडे रोज होते. मी तसे ग्राहकाच्या यंत्रावर करीत नाही. अशा यंत्राला पुढची अद्ययावत आवृत्ती मिळेलच याची हमी नसते; २४एच२ ही आवृत्ती तर कोअर टू ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या यंत्रांवर सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही आज्ञा त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. आज पैसे घेऊन सुरू करून दिलेले यंत्र उद्या त्याच माणसाच्या ऐन कामात अडणार असेल, तर ते पैसे मला नकोत.

अशाच दहा कोअर टू ड्युओ संगणकांसाठी गेल्या दिवाळीनंतर परभणी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी बोलावले होते. प्रत्येकी ४ जीबी रॅम, विंडोज ७, सुरू व्हायला पाच मिनिटे. गावकऱ्यांनी वर्गणी करून छोट्या एसएसडी घेतल्या आणि मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकायचे ठरवले. लिनक्सची एक सोय मला फार मोलाची वाटते: डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून ती चालवून पाहता येते. गुरुजींना शेजारी बसवून आम्ही आवाज, वायफाय, प्रोजेक्टर आणि प्रिंटर एकेक तपासले. प्रिंटर चालला नाही. तो एका प्रसिद्ध कंपनीचा, विंडोजच्या ड्रायव्हरवरच सगळा भार टाकणारा लेझर प्रिंटर होता. हे आधी कळल्यामुळे एका संगणकावर विंडोज ७ तशीच ठेवली, तिचे इंटरनेट काढले आणि छपाई तेवढी तिच्याकडे सोपवली. उरलेल्या नऊ यंत्रांवर मिंट आहे, मांडणी मराठीत आहे आणि कळफलक इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या मानक मांडणीचा आहे. सातवीतील मुलींनी पहिल्या तासाला स्वतःची नावे लिहिली. कोणता फाँट, कोणते कुलूप, असा प्रश्न त्यांच्यासमोर आलाच नाही.

मामांच्या फाइलीही त्या अवस्थेला आणण्याचे काम आता चालू आहे. पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढून मी लिहिलेल्या छोट्या पायथन प्रोग्रॅममधून तो युनिकोडमध्ये नेतो. नुसते चिन्हाला चिन्ह बदलून भागत नाही. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. 'कीर्तन' मधला रफार जुन्या फाइलमध्ये त च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये र आणि त्याचा मोडलेला पाय त च्या आधी हवा. हिंदीसाठी केलेली तयार साधने या दोन गोष्टी बरोबर करतात, पण 'वारकऱ्यांच्या' या शब्दातील अर्धा र त्यांना ठाऊक नसतो. ती तेथे साधा र घालतात आणि मराठी माणसाला वाचताना खटकेल असे 'वारकर्यांच्या' तयार होते. सप्ताहाच्या पत्रिकेत वारकरी, टाळकरी, विणेकरी, गावकरी ठायी ठायी असतात, त्यामुळे एका पानावर अशा वीस चुका सहज निघतात. म्हणून ऱ साठी वेगळा नियम लिहिला.

तपासणीचे काम मामांची सून करते. ती मूळ छापील पत्रिका हातात धरून पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचते आणि मामा आराम खुर्चीत बसून ऐकतात. नाव चुकले की त्यांच्या लगेच लक्षात येते. १९९९ पासून २०११ पर्यंतच्या फाइली झाल्या आहेत. काल तिचा फोन आला, की २०१२ च्या पत्रिकेत ळ च्या जागी भलतेच चिन्ह पडत आहे. फाइल पाठवायला सांगितली. त्या वर्षी मामांनी दुसऱ्याच एका फाँटमध्ये काम केले होते आणि त्याचा तक्ता माझ्याकडे अजून तयार नाही. रविवारी गंगाखेडला जाऊन त्या विंडोज ९८ वर एकेक कळ दाबून तो तक्ता उतरवून आणणार आहे.